कणसावरची शाळा : प्रा. पांडुरंग खानखोजे

कागल सोडून निपाणी, संकेश्वर करीत बेळगावला जाणाऱ्या हमरस्त्याच्या दोन्ही अंगांना काय काय पिकते याची कोणी यादी केली, तर ती मोठी चमत्कारिक निघेल. निपाणीची तंबाखू घ्या. उसाने तिची पुष्कळ जागा बळकावली हे खरे. तरी निपाणी म्हटले की तोंडात दुसरा शब्द येतो तो तंबाखूचाच. पुढे संकेश्वरची मिरची, जिच्यावाचून आपल्या कोल्हापूरच्या चटणीला रंग चढत नाही. बेळगावच्या बाजारातली रताळी. भुईमूग तर सगळीकडेच. खानापूर-चंदगडच्या अंगाला काजू. आणि अलीकडे जिथे तिथे डोके वर काढून उभा असलेला मका. यांपैकी एकही पीक मूळचे या मातीतले नाही! सगळी अमेरिका खंडातली. बहुतेक पोर्तुगीजांच्या गलबतांबरोबर गेल्या चार-पाचशे वर्षांत आपल्या किनाऱ्याला लागली आणि घाट चढून इतकी घरची झाली, की एकादशीच्या फराळाला रताळे चालते की नाही असा प्रश्नही कोणाला पडत नाही.

यांतली मिरची आणि मका ही दोन मेक्सिको देशाची देणगी. त्या मेक्सिकोत १९२४ साली एक मराठी माणूस जाऊन पोहोचला आणि त्याने तिथल्या लोकांना मक्याचीच विद्या शिकवली. ज्यांच्या पूर्वजांनी मका निर्माण केला त्यांना मका शिकवायचा, म्हणजे गवयाला जाऊन सा लावायला सांगण्यासारखेच. पण लोकांनी ते मानले. प्रा. पांडुरंग सदाशिव खानखोजे हे ते गृहस्थ. क्रांतिकारक म्हणून त्यांचे नाव आपल्यापैकी पुष्कळांनी ऐकले असेल. मास्तर म्हणून ते फार थोड्यांना माहीत आहेत, आणि मला त्यांच्याविषयी लिहावेसे वाटते ते त्याच नात्याने.

जन्म १८८४चा, वर्ध्याचा. शाळकरी वयापासून डोक्यात स्वातंत्र्याचे वारे. टिळकांना भेटले; त्यांनी देशाबाहेर जाऊन लष्करी विद्या शिकण्याचा सल्ला दिला. १९०६च्या सुमारास मुलगा घर सोडून जो निघाला तो जपानमार्गे अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर. तिथे मिळेल ती मोलमजुरी करीत एकीकडे शेतकीचे शिक्षण आणि दुसरीकडे क्रांतीची जुळवाजुळव. ऑरेगॉन आणि वॉशिंग्टन या संस्थानांतल्या शेतकी महाविद्यालयांत त्यांचे शिक्षण झाले. १९१३ साली गदर पक्ष उभा राहिला त्याच्या संस्थापकांपैकी ते एक. पहिले महायुद्ध पेटताच इराणात जाऊन तिथल्या टोळ्यांबरोबर इंग्रजांविरुद्ध लढले, जखमी झाले, पकडले गेले, निसटले. टिळकांनी बेळगावात होमरूल लीगची स्थापना केली ती एप्रिल १९१६मध्ये. त्या सुमारास त्यांचा हा चेला इराणच्या डोंगरांत भटकत होता. मग बर्लिन, मॉस्को, लेनिनची भेट. आणि हिंदुस्थानचा दरवाजा बंदच, म्हणून शेवटी मेक्सिको. बेळगावात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन भरले ते याच १९२४च्या डिसेंबरात.

हा सगळा भाग कादंबरीला शोभणारा आहे, आणि चरित्रकारांचा भर त्यावर असणे साहजिक आहे. पण हातात बंदूक घेतलेला माणूस चाळिशीत खडू हातात घेतो आणि पुढली पंधरा-वीस वर्षे तो खाली ठेवीत नाही, याला काय म्हणावे? पराभव म्हणणारे म्हणतील. मला तसे वाटत नाही.

मेक्सिकोत तेव्हा नुकतीच मोठी राज्यक्रांती होऊन गेली होती. जमीनदारांच्या जमिनी तोडून कसणाऱ्यांना देण्याचे ठरले होते. राष्ट्रीय शेतकी विद्यालय राजधानीतून हलवून टेक्स्कोकोजवळ चापिंगो या ठिकाणी, एका जुन्या जमीनदारी वाड्यात आणले गेले होते. त्याचे ब्रीदवाक्यच मुळी असे, की इथे जमिनीपासून पीक काढायला शिकवावे, माणसाला पिळायला नव्हे. दिएगो रिव्हेरा हा त्यांचा जगप्रसिद्ध चित्रकार. त्याने तिथल्या जुन्या देवळाच्या भिंती चित्रांनी भरून काढल्या त्या १९२४ ते १९२७ या काळात. अशा जागी खानखोजे पिकांच्या पैदाशीचे आणि आनुवंशशास्त्राचे प्राध्यापक झाले. शिकवण्याची भाषा स्पॅनिश. त्या बाजूच्या खेड्यांतून स्पॅनिशच्या जोडीला नाव्हात्ल ही तिथली जुनी बोली. इंग्रजांची ‘चिली’, म्हणजे आपली मिरची, हा शब्द तिचाच. तर मातृभाषा मराठी, शास्त्र इंग्रजीतून शिकलेले, तास स्पॅनिशमध्ये, आणि समोरच्या शेतकऱ्याच्या घरात भाषा चौथीच. निपाणी-बेळगावकडच्या शिक्षकांना याचे फारसे नवल वाटू नये. घरी कन्नड, बाजारात मराठी आणि पुस्तकात आणखी तिसरेच, अशी मुले त्यांच्याही वर्गात असतात.

आता मका. संशोधनाला आणि शिकवण्याला याच्याइतके सोयीचे पीक नसेल. भात किंवा गहू यांच्यात नर आणि मादी एकाच इवल्याशा फुलात. चिमटा आणि भिंग घेतल्यावाचून काही दिसायचे नाही. मक्याचे तसे नाही. शेंड्यावर तुरा तो नर. खाली पानाच्या बगलेत कणीस ती मादी. कणसाच्या टोकाला जे रेशमासारखे केस बाहेर येतात त्यातला एकेक केस आत एकेका कोवळ्या दाण्याला जोडलेला असतो. तुऱ्याचा पराग केसावर पडला, की तिथून एक बारीक नळी आत वाढत जाते आणि तो दाणा भरतो. ज्या केसाला पराग मिळाला नाही त्याचा दाणा रिकामा. भाजलेले कणीस खाताना मधेच दोन-चार दाण्यांची जागा मोकळी दिसते ना? ती चुकलेली गाठ. आणि दाण्यांच्या उभ्या ओळी मोजून पाहा. त्या सम संख्येतच निघतात, बारा, चौदा, सोळा. विषम क्वचितच आढळेल, कारण कणसावर फुले जोडीजोडीने लागतात.

त्याहून मोठी गंमत रंगाची. जांभळ्या आणि पांढऱ्या दाण्याच्या शुद्ध वाणांचा संकर केला, तर पहिल्या पिढीत सगळे दाणे जांभळे. ते पेरून त्यांचा आपापसांत मिलाफ होऊ दिला, की पुढल्या पिढीत एकाच कणसावर तीन जांभळ्यांमागे एक पांढरा. मेंडेलने वाटाण्याची शेकडो झाडे लावून जो नियम शोधला तो इथे एका कणसावर मांडून ठेवलेला असतो. चार-पाचशे दाणे असतात. बोट ठेवून मोजा. लिहिता-वाचता न येणाऱ्या शेतकऱ्यालाही मोजता येते. आनुवंशशास्त्राची प्रयोगशाळा आणि पाठ्यपुस्तक अशी दोन्ही ज्याच्या खळ्यावर रचून पडलेली आहेत, त्याला शिकवायला विद्यालयाची भिंत कशाला हवी? माझ्या समजुतीने खानखोज्यांच्या पुढल्या कामाचे मर्म इथे आहे.

कारण मक्यात एक अडचणही आहे, आणि ती समजून घेतल्यावाचून ते काम समजणार नाही. मक्याचा पराग वाऱ्यावर जातो. भाताचे बियाणे शेतकऱ्याला आपल्या कणगीत शुद्ध राखता येते, कारण भात स्वतःचा पराग स्वतःच घेतो. आजऱ्याचा घनसाळ पिढ्यान्‌पिढ्या टिकला त्याचे एक कारण हेच. पण मक्याच्या शेतात शेजाऱ्याच्या तुऱ्याचा पराग येणारच. बियाण्यासाठी लावलेला मका दुसऱ्या मक्यापासून साधारण २०० मीटर तरी लांब असावा असा दंडक आहे. दहा-वीस गुंठ्यांच्या धन्याने तो कसा पाळावा? निपाणी शहर कर्नाटकात आणि त्याला लागून असलेले अर्जुननगर महाराष्ट्रात. १९५६ साली आखलेली ती रेघ माणसांना अजून सतावते, परागाला ती दिसतच नाही. बरे, फार थोड्या झाडांचे बी धरून ते वेगळे वाढवावे, तर रक्त जवळ येऊन पीक खुजे होते. बियाण्यासाठी शंभरभर तरी झाडे लागतात. म्हणजे मक्याचे चांगले बियाणे एकट्याने राखायची गोष्टच नव्हे, ती साऱ्या शिवाराची गोष्ट आहे. गावाने मिळून ठरवले तरच ते जमते. तेव्हा शिकवायचे तर गावाला शिकवले पाहिजे. एखादा हुशार मुलगा शहरात नेऊन पदवीधर केल्याने भागणार नाही.

खानखोज्यांनी नेमके ते केले. चापिंगोची प्राध्यापकी सांभाळून त्यांनी खेड्यापाड्यांत शेतकीच्या मुक्त शाळा काढल्या. या शाळा शेतकऱ्यांच्या. फी नाही, प्रवेशाला पदवी-परीक्षेची अट नाही. ओकोपुल्को या गावच्या दुसऱ्या क्रमांकाच्या शाळेला क्रांतिवीर एमिलियानो झापाटा याचे नाव होते. तीना मोदोत्ती ही इटालियन बाई तेव्हा मेक्सिकोत छायाचित्रे काढीत असे. आज तिची गणना मोठ्या कलावंतांत होते. तिने १९२८च्या सुमारास या शाळेची, तिथे जमणाऱ्या शेतकऱ्यांची आणि खानखोज्यांच्या मक्याची छायाचित्रे घेतली. पुढे १९३० साली तिला देशाबाहेर काढण्यात आले, छायाचित्रे राहिली.

इथे थोडे विषयांतर करतो. दरबारी गवयाच्या घरात वाढलेल्या माणसाला विद्या आणि बियाणे यांतले साम्य सुचल्यावाचून राहत नाही. घराण्याची अस्सल चीज म्हणजे जणू मुठीत धरलेले बी. पोटच्या पोराला द्यायची, फार तर गंडाबंद शागिर्दाला. बाहेरचा कोणी कान देऊन बसला असेल तर अस्ताई सांगायची आणि अंतरा गाळायचा. या कोंडवाड्याला आपल्याच मुलखातल्या एका माणसाने खिंडार पाडले. कुरुंदवाडला १८७२ साली जन्मलेले, मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे तालीम घेतलेले विष्णु दिगंबर पलुसकर. संस्थानिकांच्या आश्रयाला पाठ करून ते उत्तरेत गेले आणि १९०१ साली लाहोरात त्यांनी गांधर्व महाविद्यालय काढले. स्वरलिपीत चिजा छापून विकल्या. जुने लोक हळहळले, की विद्येचे मोल गेले. थोडे गेलेही असेल. छापील चिजेवरून गाणारा आणि गुरूपुढे बसून गाणारा यांत फरक राहतोच, हे रोज शिकवण्या करणाऱ्या मला नाकारता येणार नाही. पण त्यांनी तसे केले नसते, तर आमच्यासारख्या शेकडो शिक्षकांनी कोणाला आणि काय शिकवले असते? खानखोज्यांच्या मुक्त शाळा मला त्याच जातीच्या वाटतात.

त्यांचे स्वतःचे संशोधन मक्याच्या नव्या वाणांचे होते. मक्याच्या रानटी आप्ताला तिकडे तेओसिंते म्हणतात. दिसायला गवत, फुटवे पुष्कळ, आणि कणीस म्हणावे तर बोटभर, त्यात पाच ते बारा दाणे, तेही दगडासारख्या कवचात. सुमारे ९,००० वर्षांपूर्वी मेक्सिकोच्या नैर्ऋत्येकडील नदीखोऱ्यात कोणा शेतकऱ्यांनी या गवतातून निवडीत निवडीत मका घडवला, हे आता शास्त्राने पक्के केले आहे. खानखोजे काम करीत होते तेव्हा या प्रश्नावर वाद चालू होता. त्यांनी मक्याचा या गवताशी पुन्हा संकर केला. हेतू असा, की गवताचा काटकपणा आणि एका झाडावर अनेक कणसे लागण्याचा गुण घ्यावा आणि दाणा मक्याचा ठेवावा. सांगायला हे सोपे आहे. प्रत्यक्षात अशा संकरातून पहिल्यांदा निघते ते बहुतेक गवतच. मग पिढ्यान्‌पिढ्या मक्याशी पुन्हा पुन्हा जुळवीत, हजार झाडे उपटून टाकून दहा राखीत पुढे जावे लागते. वर्षाला फार तर एक-दोन पिढ्या. ज्याला राज्य उलथायची घाई होती त्या माणसाने हा धीर कोठून आणला असेल? त्यांच्या एका चमत्कारिक मक्याला त्यांनी लॅटिनमध्ये ‘डिजिटाटा’, म्हणजे बोटांसारखा, असे नाव दिले. त्यावर पुस्तिका लिहिली. गव्हावरही त्यांनी काम केले.

या वाणांनी मेक्सिकोचे दैन्य फिटले असे कोणी म्हणेल तर ती अतिशयोक्ती होईल. हरितक्रांतीचे आद्य जनक असेही त्यांना हल्ली म्हणू लागले आहेत. हे विशेषण मला त्यांच्या अंगाला बसणारे वाटत नाही. रॉकफेलर प्रतिष्ठानने मेक्सिकोत शेतीसुधारणेचे काम हाती घेतले ते १९४३ साली. नॉर्मन बोरलॉग तिथे आले १९४४मध्ये. त्या कामाचे मोठे यश पाण्याखालच्या गव्हाचे आहे. खानखोज्यांचा माणूस होता तो आभाळाकडे डोळे लावून बसलेला, घरापुरता मका लावणारा. दोघांचे गिऱ्हाईक निराळे. एकाने बियाणे दिले. दुसऱ्याची धडपड बियाणे निवडणारा हात तयार करण्याची होती. दुसऱ्या कामाचे आकडे निघत नाहीत, म्हणून ते लवकर विसरले जाते.

आपल्याकडे मक्याचे पहिले संकरित वाण प्रसृत झाले १९६१ साली. त्यात ‘डेक्कन’ नावाचाही एक होता. आज बेळगाव जिल्ह्यात मका लावणारा शेतकरी बहुधा कंपनीची पिशवी फोडूनच लावतो. त्यात त्याचे चुकते असे मी म्हणणार नाही. संकरिताचे उत्पन्न जास्त, कोंबड्यांच्या खाद्याला, स्टार्चला आणि आता इथेनॉलला मागणी आहे, जनावरांना हिरवी वैरण मिळते. पण त्या पिकाचे बी धरून पुढल्या वर्षी पेरले, की वाण फुटतो. एक झाड उंच, एक बुटके, उतारा घसरतो. म्हणून दर हंगामाला दुकान. आढ्याला टांगलेली बियाण्याची कणसे, बियांना चोळलेली राख, कणगीत घातलेला कडुलिंबाचा पाला ही आपल्या खेड्यांतली जुनी व्यवस्था होती, आणि तिच्यामागे एक जाणता डोळा होता. बी धरायचे ते उभ्या पिकातून निवडून, खळ्यावरच्या ढिगातून नव्हे. बांधाकडेच्या झाडाचे नको, कारण त्याला जागा आणि ऊन जास्त मिळाल्यामुळे ते उगीच जोमदार दिसते. कणसाच्या मधले दाणे घ्यायचे, शेंड्याचे आणि बुडाचे सोडायचे. हे नियम कोणत्याही शास्त्रज्ञाने मान्य करावेत असे आहेत. बियाणे विकत मिळू लागले याचे दुःख नाही. पण विकत मिळते म्हणून निवडायचे कसे हे घरात सांगायचे बंद झाले. निपाणीकडच्या शेतकऱ्याच्या मुलाला जीवशास्त्रात मेंडेलचे वाटाणे पाठ असतात. घराच्या मागे उभ्या असलेल्या मक्याच्या केसाचा आणि दाण्याचा संबंध त्याला कोणी दाखवतो का? अर्जुननगरला महाविद्यालय आहे, बेळगावात कित्येक आहेत, धारवाडला शेतकी महाविद्यालय १९४७पासून आहे. या तासाला साहित्य काय लागते, तर जूनमध्ये दोन रंगांचे मूठमूठ दाणे आणि कागदाच्या काही पिशव्या. तुऱ्याला एक बांधायची, कणसाला एक. पिशवीत जमलेला पराग ठरल्या दिवशी केसांवर झटकायचा आणि वाट पाहायची.

खानखोज्यांना स्वतःच्या देशात हा तास घ्यायला मिळाला नाही. मेक्सिकोतच त्यांनी १९३६ साली एका बेल्जियन तरुणीशी लग्न केले. दोन मुली झाल्या. स्वातंत्र्यानंतर १९४९ साली मध्य प्रांताच्या सरकारने शेतकीविषयक सल्ल्यासाठी त्यांना बोलावले. चाळीसहून अधिक वर्षांनी माणूस मायदेशी उतरला, तर मुंबईच्या विमानतळावर त्याला अडवून ठेवण्यात आले. इंग्रजांनी केलेल्या काळ्या यादीत नाव होते आणि ते काढायचे कोणाला सुचले नव्हते! १९५५मध्ये ते कायमचे परतले आणि नागपूरला राहिले. ज्ञान होते, अनुभव होता, वय उरले नव्हते. १९६६ साली भारत सरकारने मेक्सिकोहून १८,००० टन गव्हाचे बियाणे बोटींनी आणवले. हरितक्रांती म्हणतात तिची ती सुरुवात. मेक्सिकोचे बियाणे हिंदुस्थानात उतरत होते तेव्हा मेक्सिकोला बियाणे शिकवून आलेला हा म्हातारा नागपुरात होता. २२ जानेवारी १९६७ रोजी तो वारला.

वीणा गवाणकर यांनी त्यांचे चरित्र मराठीत लिहिले आहे. त्यांच्या कन्येचे इंग्रजीत आहे. चापिंगोचे ते विद्यालय आता विद्यापीठ झाले आहे. सप्टेंबर २०२२मध्ये तिथे खानखोज्यांचा पुतळा उभा राहिला, लोकसभेचे अध्यक्ष ओम बिर्ला यांच्या हस्ते. त्यांचे एक चित्र मात्र त्याच्या किती तरी आधीचे आहे. मेक्सिको शहरात शिक्षण खात्याच्या इमारतीत रिव्हेराने १९२८ साली एका भिंतीवर जेवणाची पंगत रंगवली. मेजाभोवती कष्टकरी स्त्री-पुरुष, मुले. आणि यजमानाच्या जागी बसून पाव मोडून वाटणारा गृहस्थ. तो चेहरा खानखोज्यांवरून घेतला असे सांगतात. आपल्या ओळखीचे कोणी तिकडे जाणार असेल, तर त्याला पाहून यायला सांगावे.